बडीशेपेतला रुपया

सदर इसम परसराम रामटेके, वय एकेचाळीस, वरठी स्टेशनसमोरील उपाहारगृहातील एकमेव आणि म्हणून मुख्य वाढपी. बक्षिशी स्वीकारत नाही.

छप्पन साली दीक्षा घेऊन बापाने गावकीची भाकर मागणं सोडलं, तेव्हापासून त्या घरात कुणी हात पसरला नव्हता. अठ्ठ्याहत्तरमध्ये एका नव्या इंजिनीयर साहेबांनी बडीशेपेच्या बशीत रुपया ठेवला. परसरामने रस्त्यापर्यंत धावत जाऊन तो परत केला.

"पगार भेटते मले, साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. मालक ताराचंदशेठ म्हणाले, "उद्या साहेब नाही आले, तं तू बी येऊ नोको."

दुसऱ्या दिवशी अकरापासून परसराम दारातच घुटमळत होता. एकाच टेबलावर त्याने पाचदा फडकं मारलं. साहेब आले, जेवले, गेले. नोकरी वाचली.

मग परसरामने बशी दोनदा चाळून पाहिली. तिच्यात बडीशेपच होती.