शेवटचं पान आधी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला शाळेत होते, आठवीचा तास नुकताच संपला होता. फोन मामेभावाचा, विलासचा. "ताई, बाबा गेले. पहाटं झोपेतच गेले. काय त्रास झाला न्हाई." मग थोडा थांबून म्हणाला, "शिकंज्यात पुस्तक तसंच हाय. ते काढू का न्हाई, काय कळंना…" बाप गेलेल्या माणसानं हे विचारावं याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मीही तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "राहू दे, मी आल्यावर बघू." पुस्तक बांधून झालं की दोन फळ्यांमध्ये आवळून ठेवायचं ते लाकडी यंत्र म्हणजे शिकंजा. मामांच्या दौंडच्या घरी पुढच्या खोलीत तो मला कळायला लागल्यापासून आहे. नंतर एस.टी.त खिडकीशी बसले आणि चौफुल्यापर्यंत रडत गेले.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी. तिथल्या फाटक्या रजिस्टरांना पुठ्ठे घालणारा एक म्हातारा दफ्तरी होता, त्याच्या हाताखाली रिकाम्या वेळेत बसून हे बाइंडिंग शिकले. निवृत्तीच्या आधीपासूनच घरी लोकांची पुस्तकं यायची. शाळेची, वकिलांची, आणि सगळ्यात जास्त धर्माची. आपल्याकडे जुनी झालेली पोथी रद्दीत घालवत नाही आणि घरात ठेवायलाही नको असते. मग ती भीमेत सोडायची, नाहीतर मामांकडे आणून द्यायची. रेल्वे कॉलनीतले ख्रिस्ती, मोहल्ल्यातले मुसलमान, आमच्यासारखे माळी, सगळ्यांचे ग्रंथ त्या एका खोलीत एकावर एक असायचे. मामा स्वतः देवळाची पायरी चढायचे नाहीत. पण चिकटवायची खळ शिजवताना त्यात मोरचूद घालायला विसरायचे नाहीत, कारण कसर लागली तर पुढच्या पिढीला पान मिळायचं नाही. नास्तिक माणूस एवढं कुणासाठी करतो म्हणून आई त्यांना चिडवायची. ते नुसते हसायचे.

त्यांची एक खोड होती. कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचे. मासिक असो, पंचांग असो, कुणाचा लग्नाचा अल्बम असो, मागून सुरुवात. आम्ही भाचरं त्यांना 'उलटे मामा' म्हणायचो. आणि बांधायला आलेल्या प्रत्येक पोथीला ते शेवटी दोन कोरी पानं जोडायचे. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचे, "असू द्या. कुणाला काय लिव्हावं वाटलं तर जागा नको?"

आता मूळ गोष्ट. तिला वीसेक वर्षं झाली. आमचं घर न्हावऱ्याकडं, शेवंती आणि झेंडूचे मळे. माझी मोठी बहीण मंदाताई तिशीच्या आत विधवा होऊन माहेरी आली होती, आणि आमच्या धाकट्या भावाचं, राजूचं लग्न ठरलं होतं. तो रांजणगावच्या एका कंपनीत नुकताच लागलेला. या राजूला ताईनंच कडेवर वाढवलेलं. हळदीची यादी करताना मोठ्या काकी सहज बोलल्यासारखं बोलल्या, "मंदानं लांबूनच बघावं. हात लावू नये. पोथीत लिव्हलंय तसं." घरात काकींचा शब्द खाली पडत नसे. आईनं मान खाली घातली. ताई म्हणाली, "बरं," आणि उठून फुलं वेचायला गेली. तिचं ते 'बरं' मला अजून ऐकू येतं.

मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते आणि अंगात बरंच वारं होतं. शिरूरला आमचा आठ-दहा जणांचा गट होता. असल्या पोथ्या भर चौकात जाळायच्या असं ठरत होतंच, मी म्हटलं आमच्या घरचीच प्रत आणते. देवघरातली लाल फडक्यात गुंडाळलेली पोथी उचलली, पिशवीत घातली आणि रविवारी थेट दौंड गाठलं. मामांना सोबत न्यायचं होतं. सगळ्या नातलगांत तेच एक नास्तिक, तेच येतील अशी माझी खात्री होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फडकं सोडलं, पोथी उलटी करून शेवटचं पान बघितलं, आणि विचारलं, "ह्यात कुठं लिव्हलंय त्ये?"

"काकी म्हणतात ना."

"काकीला इचारत न्हाई. तू वाचली का?"

मी वाचली नव्हती. आमच्या घरात कुणीच वाचली नव्हती. दर गुरुवारी फडक्यावर हळदकुंकू वाहायचं आणि हात जोडायचे, एवढंच. फडक्याची गाठ मी लहानपणापासून कधी सुटलेली पाहिली नव्हती, आणि तीच गाठ न सोडता मी ते जाळायला निघाले होते. काकींत आणि माझ्यात तेवढ्यापुरता काही फरक नव्हता हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मात्र मी चिडले. म्हटलं, मामा, असल्या पुस्तकांनी बायकांचं आणि गावाबाहेर ठेवलेल्यांचं आयुष्य जाळलं, तेव्हा कुणी वाचून बघितलं होतं का? ज्यांना शिवूही दिलं नाही त्यांनी ती जाळली, तर तीही चूक?

"ते मी कुठं म्हणतो," मामा म्हणाले. "ज्यास्नी हातच लावू दिला न्हाई त्यांचं येगळं. त्यांनी काय करावं हे सांगणारा मी कोण? पण तुला कुणी अडवलंय? तू तर मास्तरीण हायेस. आधी वाच, मग जाळ. काडीपेटी मी देतो."

मग सलग तीन रविवार मी दौंडला गेले. ते खाली बसून दाभणानं पानं शिवायचे आणि मी खाटेवर बसून मोठ्यानं वाचायची. बऱ्याच ठिकाणी कंटाळा आला. काही ओव्या खरोखर गोड होत्या, हे कबूल करायला मला जड गेलं. आणि काही ठिकाणी बायकांविषयी, खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या लोकांविषयी असं काही लिहिलेलं होतं की माझा आवाज चढायचा. मामा हात थांबवून म्हणायचे, "खूण कर तिथं. शिसपेनीनं." पण विधवेनं हळदीला हात लावू नये असं वाक्य त्या अख्ख्या पोथीत कुठंच सापडलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत पोचले आणि परत मागं जाऊन चाळलं. नव्हतंच.

"आता जाळ," मामा म्हणाले. "जाळलीस की काकी मोकळी. मरस्तवर सांगंल, पोथीत हुतं म्हणून. आन् तू दाखवणार काय, राख?"

मी म्हटलं, हे हळदीपुरतं झालं. पण ज्या ओळींवर मी खुणा केल्यात त्या तर आहेत ना. त्यांचं काय? यावर ते खळीचं भांडं उगाच ढवळत बसले. मग जे सांगितलं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

ते एकोणीस वर्षांचे असताना त्यांची आई, म्हणजे माझी आजी, आजारानं गेली. माझी आई तेव्हा पाळण्यात होती. दहाव्याला कुणीतरी शहाणा माणूस पोथीचा हवाला देऊन म्हणाला, की अशा बायका मागच्या जन्मीच्या पापानं लवकर जातात. मामा उठले, घरातली पोथी घेतली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. त्यांचे वडील दारात उभे राहून बघत होते, अडवलं नाही. त्यांना ती तोंडपाठ होती, दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी न बघता म्हणायला लागले. तेही ठीक होतं. पण महिन्याभरानं एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "तिनं अक्षरं त्याच्यावरच काढली हुती."

केडगावच्या मिशनमधल्या बायका वाडीवर यायच्या, त्यांच्याकडून आजी लपूनछपून अक्षरं शिकली होती. घरात दुसरा कागद नव्हता. म्हणून पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर तिनं शिसपेनीनं स्वतःचं नाव लिहून बघितलं होतं, भागू. खाली परत भागू, परत भागू. सबंध पानभर. तिचं नाव भागीरथी, पण तेवढं मोठं तिला जमत नव्हतं. तिनं आयुष्यात लिहिलेलं तेवढंच.

"मला त्यो माणूस जाळायचा हुता," मामा म्हणाले. "ती पोथी जाळली. आन् त्यात आय गेली. मला ठावच नव्हतं… मी शेवटचं पान बघितलं नव्हतं."

मी खाली बघून पुढची पानं सारखी करत बसले. मामांनी दोरा ओवला आणि कामाला लागले. हे मी पुढं फक्त मंदाताईला सांगितलं.

पुढचं लवकर सांगते. हळदीच्या सकाळी राजू पाटावर बसला होता, बायका जमल्या होत्या. मी पोथी आणून काकींपुढं ठेवली आणि म्हटलं, "काकी, तेवढं पान काढून द्या." काकींनी माझ्याकडं बघितलं. "मला कुठं वाचता येतंय? सासूबाई म्हणायच्या." मी म्हटलं, "मी सबंध वाचलीय. ह्यात हळदीचं काही नाही. वाचून दाखवू?" काकी म्हणाल्या, "हळदीच्या दिवशी कसली पोथी काढती… लावायची तर लाव बाई मंदा. माझं काय जातंय," आणि पदर सावरत आत निघून गेल्या. ताईनं घाईघाईनं मूठभर हळद राजूच्या कपाळावरच थापली. "ताई, डोळ्यात जातीय," राजू म्हणाला, आणि ताई हसता हसता रडायला लागली. त्या क्षणासाठी मी मामांची आयुष्यभर ऋणी आहे, हे त्यांना कधी तोंडानं सांगितलं नाही. आता सांगते आहे, त्याचा काय उपयोग.

माझ्या गटानं चौकात दुसरी प्रत विकत आणून जाळली. मी गेले नाही. एका मैत्रिणीनं मला कच खाल्लीस म्हटलं आणि बोलणं सोडलं. तिचं सगळंच चुकलं असं मला आजही वाटत नाही. काही रागांना आग हवीच असते, आणि मामांच्या हिशेबात तो राग कुठं बसवायचा हे मला अजून उमगलेलं नाही. मामांनाही उमगलं होतं असं नाही. ते एवढंच म्हणायचे, की जाळल्यावर वाद संपत नाही, फक्त कागद संपतो.

काकी माझ्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत. तिसऱ्या श्रावणात त्यांनीच हाक मारली. "शैले, तुला येतीय तर वाच की जरा, ऐकू दे." मी वाचायला लागले. खुणेच्या ओळी आल्या तेव्हा मुद्दाम आवाज बारीक केला नाही. काकी ताठ बसल्या. "हे कुणी लिव्हलं? त्याला आय न्हवती काय?" मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. म्होरचं वाच." पुढच्या प्रत्येक श्रावणात त्या जागेवर त्या मला तेवढंच सांगायच्या, म्होरचं वाच. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की खळीचा हात चष्म्याला लागला.

मामांना जाऊन आता दीड महिना झाला. खोलीत लोकांची पस्तीस-चाळीस पुस्तकं पडून होती. कुणीतरी विलासला सुचवलं, एवढी पोथ्यापुराणं घरात ठेवू नये, भीमेत सोडून दे. त्यानं ऐकलं नाही. प्रत्येक पुस्तकाला मामांनी चिठ्ठी लावलेली होती, नाव आणि गाव. गेल्या रविवारी मी आणि मंदाताई दौंडला गेलो, विलासला घेऊन दोन दिवस घरोघर फिरलो आणि जेवढी पोचवता आली तेवढी पोचवली. एका आजोबांनी पुस्तक घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विचारलं, मागं दोन पानं कोरी का? विलास म्हणाला, "असू द्या."

शेवटी शिकंजा राहिला. ताईनंच पुढं होऊन त्याचा दांडा फिरवला, तो करकरला आणि पुस्तक मोकळं झालं. आमचीच पोथी होती. शिवण उसवली म्हणून दिवाळीत ताईनं ती मामांकडे दिलेली, मला माहीतही नव्हतं. पुठ्ठा कडक, खळीचा वास अजून येत होता. मी सवयीनं मागून उघडली. दोन पानं, कोरी.

"विलास, शिसपेन हाय का रे?" ताई म्हणाली. त्यानं चिठ्ठ्यांच्या डब्यातून मामांची बोटभर उरलेली पेन्सिल काढून दिली. ताई खाटेवर बसली, पोथी मांडीवर घेतली आणि सावकाश लिहिलं, भागीरथी. त्याखाली लिहिलं, तिची नात मंदा.

विलासनं लाल फडकं पुढं केलं. "राहू दे," ताई म्हणाली, "उघडायला उगाच वेळ लागतो." आणि पोथी तशीच हातात धरून ती चपला घालायला लागली.