डाव्या विंगेतला शब्द

मी भुताखेतांवर विश्वास ठेवीत नाही. हे लिहून झाल्यावरही ठेवणार नाही. एकतीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले. जे सिद्ध करता येत नाही ते उत्तरपत्रिकेत लिहू नये, असे विद्यार्थ्यांना बजावीत आलो. आज तोच नियम मोडतो आहे. घडले तेवढेच सांगतो. तर्क वाचकांनी करावा.

माझे वय शहात्तर. शहराच्या गारखेडा भागात एकटा राहतो. पत्नी मालती चार वर्षांपूर्वी वारली. तरुणपणी मी एक दोन अंकी शोकांतिका लिहिली होती आणि शहरातल्या हौशी मंडळींना घेऊन तिचे प्रयोग केले होते. नाटकाचे कथानक साधे आहे. वादळात गावाची वीज गेलेली. घरात म्हातारी आई आणि तिचा लाईनमन मुलगा. मुलगा तारा जोडायला निघतो. त्याआधीच्या प्रवेशात, कचेरीत, साहेबाने ठरवलेले असते की पाच वाजता लाईन चालू करायची. हा निरोप मुलाला मिळत नाही. प्रेक्षकाला ठाऊक असते, मुलाला नसते. शेवटी पाच वाजतात, आईच्या डोक्यावरचा दिवा लागतो, आणि तो दिवा लागणे म्हणजे काय झाले हे सभागृहाला कळते.

यालाच नाट्यगत उपरोध म्हणतात. मी तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून शिकवला.

मात्र नाटकाची खरी कळ मी एका शब्दात ठेवली होती. उंबरठा ओलांडताना मुलगा घाईत ‘जातो’ म्हणतो. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ ऐकले की प्रेक्षक चरकतो, आणि शेवटाची चाहूल तेथेच लागते. शेवटी दिव्याकडे पाहत आई म्हणते, “जातो म्हणाला, तेव्हाच माझं काळीज हललं होतं.” पडदा. सगळा शेवट त्या पहिल्या शब्दावर उभा होता.

मालतीला तो शब्द मान्य नव्हता. ती सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या नाटकांची प्रॉम्प्टर तीच. डाव्या विंगेत स्टुलावर बसे. शब्द देण्यापूर्वी विंगेच्या लाकडी चौकटीवर काचेची बांगडी दोनदा वाजवी. टक्-टक्. मग हलक्या आवाजात शब्द. प्रत्येक नटाला ती ‘राजा’ म्हणे.

“अहो, लेकरू मरायला निघालंय हे बघणाऱ्यांना ठाऊक आहे,” ती म्हणाली होती. “मग त्याच्याच तोंडून कशाला वदवता? त्याला बिचाऱ्याला येतो म्हणू द्या.”

“नाट्यशास्त्र मला शिकवू नकोस. तू शब्द दे.”

“बाकी सगळे देईन.”

तिने शब्द पाळला. एका प्रयोगात नट नेमका तेथेच अडखळला. विंगेकडे पाहू लागला. मालती त्याच्या डोळ्यांत पाहत ओठ मिटून बसली. तो मुकाट बाहेर पडला आणि शेवटच्या वाक्याचा विचका झाला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. “घरात तेवढीच शांतता,” ती शेजारणीला म्हणाली. मला ऐकू जाईल अशा बेताने.

गेल्या वर्षी जुन्या मंडळींनी ते नाटक पुन्हा करायचे ठरवले. माझी दृष्टी उतरत चालली आहे. मी लिहिले तसेच, एक अक्षर न बदलता, एकदा शेवटचे पाहावे एवढीच इच्छा होती. आईच्या भूमिकेत शैलाबाई, पूर्वीच्याच. प्रॉम्प्टिंगला निवृत्त कारकून देशपांडे. मुलाच्या भूमिकेत संतोष हा नवा नट. मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे, दुकान चालवतो. मालतीला त्याने कधी पाहिले नव्हते.

तालमी पुंडलिकनगरात देशपांड्यांच्या गच्चीवर होत. तिसऱ्या दिवशी संतोष माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“सर, राग येऊ देऊ नका. ते जातो तेवढं बदलता येईल का? माझ्या आईनं मला जन्मात कधी जातो म्हणू दिलं नाय.”

शैलाबाई हसल्या. “अरं, शेवटी मरतोस ते चालतंय, आन् शब्दाला भितोस व्हय?”

“मरण सरांनी लिहिलंय, शैलाताई. जातो मात्र मला म्हणायचंय.”

मी सांगितले, “तो शब्द काढला तर शेवट कोसळतो. म्हणायचे नसेल तर दुसरा नट पाहू.”

“नाय सर, म्हणतो.”

त्यानंतर प्रत्येक तालमीत त्याने म्हटला. खाली मान घालून, पण म्हटला.

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता, उस्मानपुऱ्यातल्या एका लहान सभागृहात होता. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसलो. कचेरीचा प्रवेश चांगला झाला. घराच्या प्रवेशात संतोषने पिशवी खांद्याला लावली, उंबरठ्याशी गेला आणि थांबला.

थांबणे संहितेत नव्हते.

विंगेतून देशपांड्यांचा दबका आवाज आला. “जातो… जातो…” संतोषने तो घेतला नाही. तो देशपांड्यांच्या थोडे मागे, वर पाहत होता. प्रेक्षक हलेनासे झाले. आणि मी शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकले. लाकडावर काच. टक्-टक्.

संतोषच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आईकडे वळून तो म्हणाला, “आये, येतो गं.” आणि गेला.

मी संतापलो होतो, हे प्रामाणिकपणे लिहितो. आवाजाचा विचारही मनात आला नाही. मनात एवढेच, की आता शेवटी शैलाबाई काय बोलणार? ‘जातो म्हणाला’ हे वाक्य आता खोटे ठरणार होते. माझे नाटक माझ्यासमोर मोडणार, आणि हा शेवटचा प्रयोग.

दुसऱ्या अंकाची अखेर आली. रंगमंचावरच्या घड्याळाने पाच ठोके दिले. दिवा लागला. शैलाबाईंनी वर पाहिले, तोंड उघडले, आणि शब्द नाही. त्यांची नजर डाव्या विंगेकडे गेली.

टक्-टक्.

शैलाबाईंनी डोळे पुसले. उठल्या. कोपऱ्यातले ताट घेऊन पदराने पुसले, पाटासमोर मांडले. मग दिव्याकडे पाहून, अगदी आनंदाने म्हणाल्या, “येतो म्हणालाय. उजेड आलाच की… आता त्योबी येईल.”

पडदा पडला. टाळी एकही नाही. शेजारी बसलेला दांडगा गृहस्थ रुमाल तोंडाशी धरून बसला होता. पुष्कळ वेळाने टाळ्या सुरू झाल्या.

शिकवताना जे मी हजारदा सांगितले, त्यातच लिहिताना चुकलो होतो. माझ्या नाटकात आईला पहिल्या शब्दापासून कळत होते. मग उपरोध उरतो कोठे? आपल्याला ठाऊक आहे आणि त्या माउलीला नाही, ती ताट मांडते आहे… हा शेवट होता. मालतीला तो पहिल्याच वाचनात दिसला होता.

रंगपटात गेलो. संतोष माझ्या पाया पडला.

“सर, चुकलो. पण त्या काकूंनीच शब्द दिला.”

“कोणत्या?”

“बांगडी वाजवली ना त्यांनी. म्हणल्या, येतो म्हण, राजा. मला वाटलं तुम्हीच बसवलंय त्यांना. लई मायेनं म्हणल्या सर, मला दुसरं काही बोलताच येईना.”

मी शैलाबाईंकडे पाहिले. “म्या ह्याला मालतीवहिनींचं काहीच सांगितलं नाय, सर. देवाशपथ. मला शब्द आला नाय ऐकू. नुसती बांगडी. पुढचं आपोआप तोंडात आलं.”

देशपांडे हिशेबी, रुक्ष गृहस्थ. त्यांना विचारले, मागे कोण होते? ते चष्मा पुसत राहिले. “कोणी नव्हते. दोन्ही वेळा मी वळून पाहिले.” मग चष्मा लावून म्हणाले, “पण सर, पहिल्या वेळी मी स्टूल थोडे सरकवून घेतले. कोणाला तरी जागा करून द्यावी तसे. का, ते मला सांगता येणार नाही.”

संतोषच्या मेहुण्याने मोबाईलवर प्रयोगाचे चित्रीकरण केले होते. ते मी अनेकदा लावून पाहिले आहे. देशपांड्यांचा ‘जातो’ त्यात ऐकू येतो. त्यानंतर शांतता. बांगडी नाही, आवाज नाही. मग संतोषचा ‘येतो’. तालमींमध्ये मालतीचा विषय कोणी काढला असेल, संतोष ऐकून विसरला असेल, असे म्हणता येईल. मीही स्वतःला तसे म्हणून पाहिले. पण मग शेवटच्या रांगेत मी काय ऐकले?

संहितेत मी ‘जातो’ खोडून ‘येतो’ लिहिले आहे. शेवटचे वाक्यही बदलले.

आणखी एक गोष्ट नोंदवून थांबतो. मालतीला दवाखान्यात नेले त्या सकाळी रिक्षा दाराशी उभी होती. मी कुलूप लावीत होतो. ती रिकाम्या घराकडे वळून म्हणाली, “येते हं.” मी म्हणालो, “कोणाला सांगतेस? मी बरोबरच आहे.” ती म्हणाली, “घराला.” दवाखान्यातून ती परतली नाही.

‘येते’ म्हणाली होती. त्या प्रयोगापर्यंत मी त्याला नाट्यगत उपरोध समजत होतो.