आबांच्या ट्रकची नवी चाकं

गॅरेजमध्ये कुणी किस्से जमवत बसत नाही. ते ऑईलसारखे अंगाला लागतात, आणि रॉकेलने हात धुतले तरी निघत नाहीत! मी धुळ्याला आग्रा रोडवर सुपडूनाना मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये फिटर होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तिथले किस्से पुष्कळ, पण धरणगावच्या उत्तमआबांच्या एका ट्रकने दिले तेवढे कुणीच दिले नाहीत.

आबांचा ट्रक जुना, कापूस आणि केळी वाहणारा. एके दिवशी त्यांनी भंगारबाजारातून नव्या मॉडेलच्या ट्रकची सात चाकं आणली. सहा चालायला, एक स्टेपनी.

"नाना, बसवा!"

नानांनी चाक हबला, म्हणजे आसाच्या टोकाच्या तबकडीला, लावून पाहिलं. हबला बोल्ट आठ, चाकाला भोकं दहा.

"आबा, हे बसणार नाही."

"का बरं? दोन भोकं जास्तीच शेतस ना? कमी तं नही ना!"

शेवटी आबा पुन्हा भंगारबाजारात गेले आणि त्याच ट्रकचे हबही उचलून आणले. मग चाकं बसली.

*

चाकं मोठी, त्यामुळे गाडी चार बोटं उंच झाली. आबांच्या पत्नी अक्का एका साखरपुड्याला निघाल्या, तर केबिनपर्यंत पाय पोचेना!

"गाडी उंच झाली, का मी बुटकी झाले रे?"

नानांनी दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड करून दिली. अक्का थाटात वर चढल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चाकं बदलली ते बरं झालं. मी लग्न झाल्यापासून ह्यांना पायरी मागते आहे!"

*

आबांचा ड्रायव्हर भिला. धिप्पाड गडी, तालमीत घाम गाळलेला. जुन्या गाडीच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे, म्हणजे उलट फिरवून सुटणारे होते, नव्या हबचे दोन्हीकडे सरळ. भिलाला नानांनी हे तीनदा सांगितलं होतं.

पहिलं पंक्चर झालं साक्रीजवळ, नेमकं डाव्या चाकाला. एका ट्रकवाल्याबरोबर निरोप आला, "नट हालत नाही. मोठा पाना घेऊन या."

नाना पाना घेऊन एसटीने साक्रीला गेले. भिला पान्यात अडकवलेल्या पाइपवर उभा राहून नट आवळत होता. सवयीने, उलट्या बाजूला! नानांनी त्याला खाली उतरवलं, पाइप दुसऱ्या बाजूने दाबला. कट्! नट सुटला.

भिला म्हणाला, "मीच ढिला करेल व्हता, म्हणून निघाला!"

*

हसण्यावारी जाणार नाही असंही एकदा झालं. डिझेल पहिल्याइतकंच लागायचं, पण मीटरवर किलोमीटर कमी पडायला लागले. आबांनी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "भिला, डिझेल कुठे जास रे?"

भिला बारा वर्षं त्या गाडीवर होता. त्याने चावी टेबलावर ठेवली. "आबा, दुसरा ड्रायव्हर पहा."

नाना उठले. एक जुनं चाक, एक नवं चाक शेजारी उभं केलं, दोन्हींवर खडूने खूण केली आणि बरोबर एकेक फेरा गडगडवलं. नवं चाक हातभर पुढे गेलं.

"मीटर फेरे मोजतं, आबा. चाक मोठं, म्हणून फेरे कमी. भिला खोटा नाही, मीटर खोटं आहे."

आबांनी वाकून दोन्ही खडूच्या खुणा पाहिल्या. मग चावी उचलून भिलाच्या खिशात घातली.

"मी तुले कुठे काय म्हणत व्हतो? मी तं मीटरले इचारत व्हतो!"

*

आणि वामनभाऊ. बोदवडचे. पाहुण्याच्या जीपचं काम घेऊन आले होते. एका पायाने लंगडत आबांच्या ट्रकपाशी गेले आणि चाकाजवळ खाली बसले. प्रत्येक रिमवर निळ्या रंगाचा बारीक ठिपका होता. त्यांनी फिरून सहा ठिपके पाहिले.

"ही माझ्या गाडीची चाकं. हे ठिपके मी दिलेत."

त्यांचा नवा ट्रक सरळ रस्त्यावर बाभळीला धडकला होता. पाय अधू झाला, गाडी भंगारात गेली. सगळे म्हणाले, वामनला डुलकी लागली. पुढे पुढे त्यांनाही तसंच वाटायला लागलं. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"आबा, एक चक्कर मारू?"

आबा सख्ख्या मुलाला गाडी देत नसत. पण चावी दिली.

अर्धा तास झाला, तास झाला. भिला येरझाऱ्या घालायला लागला. "आबा, गाडी गई!"

"गाडी नही गई. त्यानी चाकं गईत, गाडी त्यास्नामांगे गई!"

तेवढ्यात ट्रक आला. वामनभाऊ दांड्याला धरून उतरले. डोळे ओले होते, पण चेहरा असा, की डोक्यावरचं ओझं उतरलं असावं.

"आबा, पुढचं डावं चाक अजून डावीकडे ओढतं. म्हणजे तेव्हा बाभळीवर गाडी ह्यानेच नेली, मी झोपलो नव्हतो."

आम्ही सगळे भिलाकडे वळलो. रोज गाडी तोच चालवत होता.

भिला म्हणाला, "माले वाटे, रस्ताच तसा शे!"