गाऱ्हाण्याची डावी बाजू

काळाचौकीच्या त्या चाळीत गणपतीचं गाऱ्हाणं रघू परबानंच घालायचं, हे इतकं ठरलेलं होतं की कुणी कधी विचारतही नसे. देवापुढं उभं राहून एकेक मागणं मोठ्यानं मांडायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही कोकणातून आलेली रीत. परबांच्या घरात तिला एक अट होती. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं सगळ्यांसाठी मागायचं, स्वतःसाठी नाही.

रघूचा धंदा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा, पण गाऱ्हाण्याला त्यानं तो स्वतः कधी लावला नाही. गरजच नव्हती. त्याला आपल्या आवाजाचा गर्व होता आणि तो लपवायची तसदी त्यानं घेतली नव्हती. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तो गळ्याच्या भोकातून श्वास घेई आणि वर रुमाल बांधे.

गणपती जवळ आले तसा मंडळाचा सेक्रेटरी राजाराम येऊन चाचरत म्हणाला, "रघूभाऊ, औंदा आपली पूर्वी घालील गाऱ्हाणा. तिका सगळा पाठ आसा."

पूर्वी ही रघूची मुलगी. लोअर परळला कॉम्प्युटरवर नोकरी करायची आणि लहानपणापासून गाऱ्हाण्याला बापाच्या कोपराशी उभी राहायची. रघूनं मात्र मान अशी हलवली की रुमाल सुटला. फोनवर टाइप करून त्यानं राजारामसमोर धरलं: कॅसेट आहे.

होती खरी. जुन्या एका गणपतीत त्यानं हौसेनं रेकॉर्डिंग केलं होतं, स्टिरिओच्या डाव्या बाजूला स्वतःचा आवाज, उजव्या बाजूला लोकांचा. ते कॉम्प्युटरवर घ्यायचं, साफ करायचं आणि मंडपात लावायचं. म्हणजे गाऱ्हाणं त्याच्याच आवाजात राहणार होतं. अडचण कॉम्प्युटरमध्ये आवाज घेणाऱ्या साउंड कार्डाची होती. त्याचं जुनं, नावाजलेलं कार्ड पूर्वीनं त्याच्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या लिनक्स या प्रणालीला ओळखूच येईना.

"बाबा, सोडा ना ते," पूर्वी म्हणाली. "कंपनीच बंद झालीय, ड्रायव्हर कोण लिहिणार? नवीन घेऊया."

पण ऐकून घेणं हा रघूचा स्वभाव कधीच नव्हता. चाळीचं नवं बांधकाम व्हायचं म्हणून निम्मी बिऱ्हाडं हलली होती. दुपारी सगळा मजला ओस पडायचा आणि त्या शांततेत हा एका बोटानं कमांडी टाइप करत बसायचा. इंटरनेटवर कुणीतरी त्याच कंपनीच्या दुसऱ्या कार्डासाठी ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लिहून ठेवला होता. रघूनं त्यात आपल्या कार्डाचा नंबर घातला. चुका निघाल्या, सुधारल्या, पुन्हा निघाल्या. शेवटी एका दुपारी पडद्यावर कार्डाचं नाव उमटलं. रघूनं टेपरेकॉर्डर कार्डाला जोडला, हेडफोन चढवले आणि कॅसेट चालू केली.

'व्हय म्हाराजा.'

मग शांतता. मग पुन्हा, 'व्हय म्हाराजा.' लोक होते, तो नव्हता. डावी बाजू येत नव्हती. ड्रायव्हर परका, चॅनलचा घोळ असणार, म्हणून त्यानं ते दुरुस्त केलं. चाचणीची शिटी दोन्ही कानांत स्वच्छ वाजली. त्यानं कॅसेट पहिल्यापासून लावली. डाव्या कानात तरीही काहीच नाही.

तो सवयीनं ओठांतल्या ओठांत गाऱ्हाणं म्हणू लागला. जो कोण आजारी आसात, तेका बरो कर रे म्हाराजा. उत्तर आलं. जो कोण परमुलखात आसात, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा. उत्तर आलं. आता त्यातला एकेक आवाज त्याला ओळखू येऊ लागला. चाळीतल्या धोंडूचा खरखरीत, गंगुबाईंचा लांबवलेला आणि सगळ्यांच्या आधी घाई करणारा सुभद्रेचा, त्याच्या बायकोचा. यातलं आता कुणीही हयात नव्हतं.

रघू थांबला. तेही थांबले. त्यानं टेपरेकॉर्डरकडं पाहिलं. कॅसेट केव्हाच संपली होती, बटण वर आलेलं होतं. तरी त्यानं ओठ हलवले, ह्या चाळीतल्या लेकराबाळांका सांभाळ रे म्हाराजा, आणि कानात सगळी चाळ म्हणाली, 'व्हय म्हाराजा.'

ते त्याचंच ऐकत होते. त्या मोहाला कोण आवरणार? परबांच्या घरात कुणी केलं नव्हतं ते रघूनं केलं. माझो आवाज माका परत दी रे म्हाराजा.

कुणी काही बोललं नाही. सगळे तिथंच होते. त्यांचे श्वास त्याला ऐकू येत होते. त्यानं पुन्हा मागितलं, डोळ्यांतून पाणी यायला लागेपर्यंत मागितलं. सुभद्राही गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं त्याला सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी त्याचे ओठ पुन्हा हलले. माझ्या मागसून माझी पूर्वी उभी रवतली, तिची जीभ अडखळा नको रे म्हाराजा. शब्द पुरे व्हायच्या आत सुभद्रेनं घाई केली आणि तिच्यामागोमाग बाकीचे. त्यानं हेडफोन काढून ठेवले.

चतुर्थीला पूर्वीनं गाऱ्हाणं घातलं. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, मग तेही सुरात सामील झाले. रघू मागं, हुंकार देणाऱ्यांच्या घोळक्यात उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच. प्रत्येक मागण्याला तो तोंड उघडायचा आणि त्यातून नुसती हवा जायची.

आरती झाल्यावर पूर्वी त्याच्याजवळ आली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "माझ्या डाव्या बाजूला कोण नव्हतं ना? तिकडून तुमचा आवाज येत होता. पहिल्यापासून. सगळ्यांपेक्षा मोठा. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा."

रघूनं तिचा हात घट्ट धरला. कार्ड काही चुकलं नव्हतं. त्याचा आवाज कधीचाच त्या माणसांकडं जाऊन राहिला होता, आणि आता त्यांच्यात उभं राहून आपल्या लेकीला साथ देत होता.