मी सांगितलं, तिनं लिहिलं

तात्यांचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीचे निबंध तपासत होते. तात्या म्हणजे निर्मलाचे थोरले भाऊ; इंदापूरजवळ त्यांची डाळिंबाची बाग आहे. एरवी फोनवर ते शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखे बोलतात. त्या दिवशी आवाज इतका खाली, की मी दोनदा 'हॅलो' म्हटलं. "ताई, आपली निर्मल गेली हो... सकाळी च्या घेतला आन् बसल्या जागीच मान टाकली. पावण्यांना अजून कळवलं न्हाय. तुमाला पयलं सांगतोय. तिला तुमीच एक मैत्रीण." खरं सांगायचं तर रडू फुटण्याआधी माझ्या मनात एक विचार येऊन गेला... आता तिची दुसरी कादंबरी पुरी होणार नाही. तो विचार दुःखाचा नव्हता. आज पाच आठवड्यांनी तो लिहून टाकतेय, कारण निर्मलाबद्दल खोटं लिहिण्यात अर्थ नाही. खोटं वाक्य तिला लगेच ओळखू यायचं.

ती इंदापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होती. लग्न केलं नाही, भावाच्या घरात राहिली. वीस वर्षांपूर्वी बारामतीच्या एका वाचनालयानं कथालेखनाचं शिबिर घेतलं, तिथं आमची गाठ पडली. दोघींनाही एकच खूळ होतं. जुन्या काळातली, पण कुठल्याही इतिहासात नसलेली राज्यं उभी करायची. त्यांत किल्ले, मांत्रिक, बोलणाऱ्या नद्या. रविवारी ती एसटीनं यायची, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायची आणि मी पोळ्या लाटत असताना लिहिलेलं वाचून दाखवायची. तेव्हा मोठी लेखिका मी होते. माझी दोन पुस्तकं आली होती, तिचं एकही नाही. त्या काळातलं आमचं प्रेम निखळ होतं, असं मला वाटतं. वर उभं राहून प्रेम करणं सोपं असतं.

माझ्या तिसऱ्या कादंबरीत राणी गरोदर राहते. मी डोहाळे लिहिले, झोपाळा लिहिला, हिरवा शालू लिहिला, चिंचा आणि कैऱ्या लिहिल्या. शेवटी पहाटेच्या चौघड्याबरोबर राजकन्येचा जन्म. निर्मलानं हस्तलिखित वाचलं आणि चष्मा काढून म्हणाली, "वसू, तुझी राणी नऊ महिन्यांत एकदाही लघवीला उठली नाही गं."

"राण्या काय कादंबरीत मोरीत जातात का?"

"मग कुठं जातात?"

मी हसण्यावारी नेलं, पण लागलं. दोन बाळंतपणं माझी झालेली, आणि मला शिकवत होती ती!

मग तिनं स्वतःची कादंबरी लिहायला घेतली. तिची चंद्राई ही राजाची निरोप्या बाई, पोटुशी असताना सात घाट ओलांडून निरोप न्यायला निघालेली. या एका बाईसाठी निर्मला वर्षभर फिरली. कन्हेरी गावच्या भाजीवाल्या बायकांना, कचेरीत दाखल्याला आलेल्या सुनांना विचारायची. कोऱ्हाळे बुद्रुकला एका म्हाताऱ्या सुईणीकडे मला घेऊन गेली. दवाखाना नव्हता तेव्हा बाईला दिवस गेलेले कसे कळायचे, घोड्यावर बसावं लागलं तर काय व्हायचं, सगळं विचारत होती. म्हातारी तंबाखू मळत म्हणाली, "दोन जिवांची म्हनत्यात, व्हय. पन भ्या मातूर एकटीलाच वाटतं, पोरी." निर्मलानं ते लिहून घेतलं नाही. नुसती बसून राहिली. माझं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं, परतीची एसटी चुकेल म्हणून.

तिनं मलाही विचारलं होतं. इंदापूरच्या स्टँडवर बस लागायची होती, आणि कशी कोण जाणे, मी बोलत सुटले. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात एसटीत मला लघवी धरवली नाही, साडी भिजली, शेजारच्या अनोळखी आजीनं स्वतःचं जुन्या लुगड्याचं धडपं माझ्या मांडीवर टाकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली, ते सांगितलं. आणि जे नवऱ्याला, आईला, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. बाळ पहिल्यांदा हललं तेव्हा मला आनंद झालाच नाही. कुणीतरी न विचारता आपल्या घरात राहायला आलंय, असं वाटलं. ते मूल मला एक अख्खी दुपार नको होतं... बस लागल्यावर माझी पिशवी निर्मलानं उचलून आत ठेवली.

कादंबरी आली आणि गाजली. चंद्राईला घोड्याच्या घामाच्या वासानं उमासे येतात, आडवं झालं की छातीत जळजळतं, पायांत गोळे येतात, झाडाआड बसावं लागतं तेव्हा बरोबरचे शिपाई हसतात. मांत्रिकाला पाऊस थांबवता येतो, तिच्या उलट्या थांबवता येत नाहीत. पाचव्या घाटात मूल हलतं, तेव्हा ती दगडावर बसून पोटाला विचारते, "तुला कुणी बोलावलं होतं?" आणि तासाभरानं उठून चालू लागते. खेड्यापाड्यांतून बायकांची पत्रं आली. एकीनं लिहिलं होतं, 'ही चंद्राई मीच.' निर्मलानं ते पत्र मला मोठ्या आनंदानं दाखवलं. माझा जीव जळाला. चंद्राई मी होते! ते पान माझ्या पोटातलं होतं. पण ते लिहायचं धाडस मला झालं नव्हतं आणि तिनं अडीच ओळींत ते उभं केलं होतं. चोरी म्हणावी, तर मी स्वतःच्या हातानं दिलेलं. हेवा वाटायलाही जागा उरली नाही, तरी तो वाटत राहिला.

बारामतीत तिचा सत्कार झाला. व्यासपीठावर मीही होते. माझ्या भाषणात मी हसत हसत म्हणाले, "ज्या अनुभवातून आपण कधी गेलोच नाही, तो लिहिण्याचा अधिकार लेखिकेला असतो का, हा प्रश्न आहे." निर्मला उठली. "नाही, मी गेले नाही त्यातून," ती म्हणाली. "मी विचारलं. बायकांनी विश्वासानं सांगितलं. त्यांची नावं मी सांगणार नाही." एवढंच. खाली उतरल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझं नाव घ्यायचं फार मनात होतं गं. पण तू घरी सांगितलेलं नव्हतंस ना." त्यानंतर दीड वर्ष मी तिच्याकडे गेले नाही.

तिच्या हृदयाचं दुखणं वाढल्याचं कळलं तेव्हा गेले. ती जाण्याच्या तीन आठवडे आधीची ही भेट. उशांना टेकून बसली होती, पाय सुजलेले. मागचं काही काढलं नाही तिनं. दुसऱ्या भागात चंद्राई बाळंत होणार होती आणि तिथं ती अडली होती. "वसू, कळ येते तेव्हा बाई बघते कुठं? काय दिसतं तिला?"

मला सगळं आठवत होतं, लख्ख. मी म्हणाले, "इतकी वर्षं झाली, कुणाला आठवतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "असू दे," म्हणाली आणि वहिनीला माझ्यासाठी डाळिंब सोलायला सांगितलं.

तेराव्याला तात्यांनी कागदांची पिशवी माझ्या हातात ठेवली. "मला यातलं काय कळत न्हाय. छापणारा म्हनतो एक परकरण ऱ्हायलंय. तुमी लिवा ताई. तीच म्हनली हुती, वसूशिवाय कुनाला जमायचं न्हाय." शेवटच्या पानावर चंद्राई एका पडक्या देवळात भिंतीला पाठ लावून बसलेली आहे, पहिली कळ येऊन गेलेली आहे. पुढं कोरं.

मी लिहिलं. बारा दिवस लागले. कळ ओसरली की भूक लागते, हे लिहिलं. आपल्याच तोंडून जनावरासारखा आवाज येतो आणि त्याची लाज वाटत नाही, हे लिहिलं. माझ्या बाळंतपणात समोरच्या भिंतीवर मुंग्यांची रांग चालली होती आणि जगात तेवढं एकच काम नीट चाललंय असं मला वाटत होतं, तेही लिहिलं. चौघडा नाही, पहाट नाही. अकरा पानं झाली. ती मी नवऱ्याला वाचायला दिली. वाचून तो म्हणाला, "तू मला यातलं कधीच काही सांगितलं नाहीस."

प्रकाशक विचारत होते, तुमचं नाव कुठं टाकू? मी नको म्हटलं. आता वाचक ते प्रकरण वाचतील आणि म्हणतील, काय लिहायची ही निर्मला! मी आयुष्यात याहून चांगलं काही लिहिलेलं नाही आणि ते तिच्या नावावर जाणार आहे... ती गेली तरी मला तिचा हेवा वाटतोच आहे. फक्त आता तो सांगायला ती हवी होती.