मामाची मांडी

माझी मुलगी पुण्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा शेजारच्या खाटेवर निरगुडसरचं एक तान्हं बाळ होतं. कॅन्सरच्या औषधानं त्याचे केस गळायला लागले होते. त्याचा मामा बहिणीच्या सोबतीला आलेला. रुंद पंजाचा गडी, पण उशीवरचे केस इतक्या हलक्या हातानं वेचायचा, की बाळाची झोप मोडायची नाही.

एका सकाळी त्यानं मूठ उघडून मला दाखवली. "पावणं, जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतंय. आमी चैतात देवापाशी काढणार व्हतो. हे तर आपलं आपणच उतरलं. मंग जावळ झालं म्हणायचं का राहिलं?"

नर्स म्हणाली, केस पुन्हा येतील. तो आणखीच गोंधळला. "मंग जावळ कुठलं धरायचं? हे का ते?"

शेवटी तो खाटेवर मांडी घालून बसला आणि सलाईनची नळी सांभाळत बाळाला मांडीवर घेतलं. बहीण जेवायला बोलवायला आली, तरी उठला नाही. "राहिल्यालं तरी हितं पडू दे," म्हणाला.

संध्याकाळी त्याच्या विजारीवर बारीक केस दिसत होते.

"आता झालं ना, पावणं?"

मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.