स्लोव्हेनियाच का?

स्लोव्हेनियाला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नक्की कुठे?" आणि लगेच दुसरा, "पण तिथे कशाला?" माझ्या नणंदेने तर तोंडावरच ऐकवलं, "युरोपात जाऊन आयफेल टॉवर न बघता येणं म्हणजे मंडईत जाऊन रिकामी पिशवी परत आणणं." मी म्हटलं, "मग काय, टॉवर पिशवीत घालून आणायचा होता?" त्यावर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. तेवढीच शांतता.

मी समोरच्याचं तोंड बघून कारण सांगते. आठ देश दहा दिवसांत 'करून' आलेल्यांना सांगते की तिथे कोणी पहाटे उठवून बसमध्ये कोंबत नाही. शेजारच्या काकूंना सांगते की नळाचं पाणी थेट प्यावं, इतकं गोड. जुन्या विद्यार्थिनींना सांगते की मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा हा देश नकाशावर वेगळा नव्हताच. नंतर नवा नकाशा आला आणि त्यात हा एवढासा तुकडा, त्याचं नावसुद्धा त्याच्या अंगावर मावेना. तेव्हापासून तो बघायचा होता. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मुख्य कारण वेगळंच होतं.

आमच्या ह्यांची बायपास झाली. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणाले, आता भरपूर चाला. हे चालायचे, हॉलपासून गॅलरीपर्यंत. सोसायटीच्या गेटपलीकडे म्हणून पाऊल टाकेनात. त्याहून वाईट म्हणजे रोज संध्याकाळी माझी शिकवणी सुरू झाली. "गॅस असा बुक करायचा. लॉकरची किल्ली इथे. मी नसताना प्लंबरला हा नंबर लाव." मी नसताना, मी नसताना! जिवंत माणूस समोर बसून, माझ्या हातची आमटी ओरपत, स्वतःच्या पश्चात काय करायचं ते समजावत होता. पासपोर्टची मुदत संपली म्हणून फॉर्म भरायला बसवलं, तर म्हणाले, "दहा वर्षांचा देतात. वाया जाईल." मी हातातली कपबशी अशी आदळली की कान तुटला.

त्याच रागात मी ठरवलं, ह्यांना लांब न्यायचं. पण मनात भीती होतीच, वाटेत काही झालं तर? म्हणून छोटा देश शोधला. या टोकाहून त्या टोकाला दुपारच्या झोपेइतक्या वेळात नाही, पण जेवून निघालं तर चहाला पोचता येईल असा. कुठेही असलो तरी दवाखाना जवळ. डोंगर, तळी, जंगलं हे सगळं वरचं. मी आधी दवाखाने बघितले, मग तळी.

हे म्हणाले, "मला जमायचं नाही." मी म्हटलं, "बरं, मी एकटी जाते." "तुला एकटीला परदेशात सोडू? तू कर्वेनगरात रिक्षावाल्याशी भांडतेस, तिथे कोणाशी भांडशील!" झालं, आले. जायच्या आधी सराव हवा म्हणून कालव्याच्या रस्त्याने चालायला लागलो. कुरकुरत का होईना, हे गेटबाहेर पडले. शिकवणी मात्र चालूच होती. विमानातही मला विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते दाखवून झालं.

त्या देशात एक तळं आहे. मधोमध बेट, बेटावर चर्च. नावाडी उभ्याने वल्हवत नेतो. पाणी हिरवंगार आणि पलीकडच्या शिखरांवर मे महिन्यातही बर्फ. उतरल्या उतरल्या समोर दगडी पायऱ्या, चांगल्या उंच. मी म्हटलं, "अहो, आपण खालीच बसू या का?" हे चढायलाच लागले. मध्ये थांबले, दम खाल्ला, पुन्हा चढले. मी मागे, जीव मुठीत धरून.

वर पोचलो आणि दाराशी दोघांनीही, सवयीने, बूट काढले. देवाचं दार ना ते! आत फरशी बर्फासारखी गार. दर्शन घेऊन वळलो तर मागून आलेलं एक परदेशी कुटुंब मोज्यांवर आत शिरत होतं. त्यांच्यामागचे आजी-आजोबा दाराला टेकून बुटांच्या नाड्या सोडत होते. बाहेर आमच्या बुटांशेजारी रांगच लागली होती. तिथली तिकिटवाली बाई धावत आली, सगळ्यांना हातवारे करून सांगायला लागली की असा काही नियम नाही हो! हे इतके हसले, इतके हसले, की छातीवर हात ठेवावा लागला. मी ह्यांचा दंड धरला. "दुखतंय का?" "अगं, हसतोय!" ऑपरेशननंतर मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

आत एक दोर लोंबतो. तो ओढून वरची घंटा वाजवायची आणि मनातलं मागायचं, अशी तिथली रीत. देवळातल्यासारखी टण्णकन वाजत नाही ती, अंगातलं बळ लागतं. मी मदतीला हात लावला, तर ह्यांनी तो बाजूला केला. पहिल्यांदा नुसताच दोर हलला. मग वाजली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. माझं मागणं एकच होतं आणि ते मी महिनोन्‌महिने मागत होते, की ह्या माणसाने पुन्हा इथे राहायचं मनावर घ्यावं.

परतीच्या नावेत नावाड्याने विचारलं, आवडलं का. ह्यांनी आपल्या बँकेतल्या इंग्रजीत सांगितलं, फार आवडलं. मग तो म्हणाला, शरद ऋतूत ही सगळी झाडं पिवळी-तांबडी होतात, ते बघायला हवं. मला वाटलं, हे आता नुसती मान हलवतील.

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी ऑक्टोबरात येऊ. तुझ्यासाठी जाड कोट घ्यायला हवा, तुला थंडी सोसत नाही."

पुढच्या वेळी. नावेतल्या सगळ्या अनोळखी लोकांसमोर मी भोकाड पसरलं. हे घाबरून विचारत राहिले, "अगं, झालं काय? कोट नको का तुला?"